खाली कोण आहे?

व्हेल्टाबाई मला पियानोकडे पाठ करून बसवतात.
समोर खिडकी, खिडकीखाली रिगातलं एक अंगण,
बर्फात अर्धी बुडालेली कुणाची तरी सायकल.
"बोटं बघायची नाहीत. बोटं चहाडखोर असतात."

मग तीन स्वर, एकदम.
मला वाटतं, एकच दार आपटलं.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस.
दोर घासतोय की बेअरिंग गेलंय
हे मला तळमजल्यावरच कळतं, झाकण न उघडता.
बत्तीस वर्षं याच कानांवर पोट भरलं.
पण तीन स्वर एकत्र आले की हेच कान
अनोळखी लग्नातल्या पाहुण्यासारखे
भिंतीला चिकटून उभे राहतात.

पहिला महिना मेजर-मायनरमध्ये गेला.
मेजर आनंदी, मायनर उदास, असं मी म्हणालो
तेव्हा बाईंनी पियानोचं झाकणच मिटलं.
"आनंदी-उदास तू आहेस, इल्ग्वार्स.
कॉर्ड नुसती उभी आहे.
मधला माणूस अर्धी पायरी वर की खाली,
तेवढं सांग."

मधला माणूस.
नेमका तोच ऐकू येत नाही.

डिमिनिश्ड मात्र लगेच सापडली:
दोन मजल्यांमध्ये अडकलेली केबिन,
आतून कुणीतरी बटण दाबत राहिलेलं.
ऑगमेंटेडने छळलं.
तिला कुठूनही उचला, कुठेही ठेवा, तशीच,
दाउगावावरच्या धुक्यातल्या पुलासारखी,
दोन्ही टोकं गायब.

सायकल पूर्ण दिसायला लागली त्या आठवड्यात
बाई म्हणाल्या, "आता तेच तिघे.
पण तळमजल्यावरचा उचलून वर नेलाय.
खाली कोण आहे?"

"मूळ स्वर."

"तू सवयीने ऐकतोयस. पुन्हा."

पुन्हा.
पुन्हा.
शेजारणीने पाइपावर काहीतरी आपटलं.

"सगळ्यात खालचा पकड आणि गा."
गायलो, जुन्या मोटारीसारखा.
"बरं. त्याच्यावर उभं राहवतंय का?"

राहवत होतं. एका पायावर.
ते पहिलं इन्व्हर्जन.
दुसरं म्हणजे कुणीतरी बोलायला श्वास घेतलाय
आणि अजून बोललेलं नाही.

घरी आम्हीही तिघेच होतो.
आस्त्रा वर गेली त्या नोव्हेंबरपासून
खाली कोण आहे,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

सार्मीते रविवारी फोन करते, आयर्लंडहून.
तिथे मशरूमच्या अंधाऱ्या शेडमध्ये कामाला आहे.
"बरी आहे, पप्पा."
तिचं हे 'बरी आहे' मी पाच वर्षं ऐकतोय,
वरवरचं, जिथे सूर असतो तिथलं.
या रविवारी तळाचा पकडायचा प्रयत्न केला.
लाइन खरखरत होती.
मधला स्वर कुठे होता ते शपथेवर सांगता येणार नाही,
पण वाक्य संपलं तरी पाय टेकलेले नव्हते.
"जेवलीस का?" एवढंच विचारलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग बोलली. पाऊण तास.

परीक्षेत दहापैकी सहा.
बाई म्हणाल्या, ऑगमेंटेडला तू घाबरतोस
आणि घाईत मूळ स्वर म्हणून मोकळा होतोस.
खरं आहे.

काल नऊमजली इमारतीत काम होतं.
मी शाफ्टच्या तळाशी, खड्ड्यात, बॅटरी दातांत धरून;
वर मशीनच्या खोलीत रायव्हिस, नवा पोरगा.
ब्रेक सोडण्याआधी विचारायचं असतं, म्हणून त्याने
वरून हाक दिली, "खाली कोण आहे?"
शाफ्टने ती हाक तीन ठिकाणांहून परत केली,
आणि मी उत्तर द्यायचं सोडून
सगळ्यात खालचा सूर गुणगुणत बसलो.

त्याने पुन्हा विचारलं, जरा घाबरून.

बॅटरी हातात घेतली.
"मी आहे," म्हणालो. "थांब जरा."